मंद आचेवरचं रात्रीचं जेवण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत, इचलकरंजीच्या मागांवर, बँकेत, शाळेत दिवसभर राबून दोघंही संध्याकाळी सातच्या सुमारास घरी पोचतात, तेव्हा मुलं भुकेली असतात आणि ओट्यावर काहीच तयार नसतं. मग बाहेरचं मागवायचं, नाहीतर घाईघाईने भात-आमटीवर भागवायचं. अशा घरांसाठी हल्ली ‘स्लो कुकर’ सुचवला जातो: सकाळी जिन्नस टाकायचे, बटण दाबायचं, संध्याकाळी गरम जेवण. कल्पना चांगली आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. पण या भांड्याभोवती जे समज पसरले आहेत, त्यांतले काही निरुपद्रवी असले तरी एक-दोन असे आहेत की घरातल्या लहानग्याला दवाखान्यात न्यावं लागेल.

पहिला समज असा, की हे विलायती खूळ आहे, आपल्या रस्सा-भाकरीशी त्याचा काय संबंध! स्लो कुकरचा जन्म अमेरिकेतला, हे खरं. आयर्व्हिंग नॅक्सन यांना 1940 मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि 1971 पासून तो ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघर गेला. पण नॅक्सन यांना तो सुचला आईने सांगितलेल्या आठवणीवरून. लिथुआनियातल्या ज्यू वस्तीत शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी कडधान्य, जव आणि मांसाचं भांडं गावच्या भट्टीत ठेवत आणि भट्टीच्या उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजे. आपल्याकडे चुलीच्या वैलावर हेच चालायचं. पुढच्या जाळावर भाकरी होत असताना मागे हुलगे किंवा डाळ सावकाश शिजत राहायची. भारतात तर 1910 च्या सुमारास बंगालमधल्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर तयार केला होता. खाली निखारे, वर डब्यांची चळत, आत वाफ. डबे लावून माणूस कामाला जाऊ शकायचा. तेव्हा परकं असलंच तर ते विजेचं बटण आहे, स्वयंपाकाची रीत नव्हे.

कोल्हापुरी मटणाइतकं मंद आचेचं शास्त्र समजावून देणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. जुन्या पद्धतीत मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून थोड्या तेलावर परततात, पातेल्यावर खोलगट ताट ठेवतात आणि त्या ताटात पाणी ओततात. आतली वाफ ताटाच्या थंड बुडाला लागून थेंबाथेंबाने परत पातेल्यात पडते, म्हणून मटण करपत नाही आणि त्याला स्वतःचं पाणी सुटतं. ताटातलं पाणी तोवर चांगलं तापलेलं असतं. आत पाणी कमी वाटलं की तेच ओतायचं, म्हणजे उकळी मोडत नाही. दीड-दोन तासांनी जी अळणी तयार होते, तिच्यावरच पांढरा आणि तांबडा दोन्ही रस्से उभे राहतात. या वेळात मांसात काय होतं? खांदा, मान, पाय अशा राबणाऱ्या भागांत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन भरपूर असतं. ते सत्तर अंशांच्या वर, पाण्यात, हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. नळीभोवतीचं मांस बोटाने सुटतं आणि थंड झालेली अळणी थरथरते ती त्यामुळे.

यातूनच दुसरा गैरसमज निघतो: जितका जास्त वेळ, तितकं चांगलं. बोकडाच्या मांडीला आणि गावठी कोंबडीला हे लागू पडतं. ब्रॉयलर कोंबडीत कोलॅजन फार थोडं असतं. तिला आठ तास ठेवलं तर आतलं पाणी निघून जातं आणि तोंडात चोथा येतो. मासे आणि पालेभाज्या तर शेवटच्या काही मिनिटांच्याच. मेथी, पोकळा, अंबाडी सकाळी भांड्यात टाकून जाणं म्हणजे चव आणि क जीवनसत्त्व दोन्ही घालवणं.

सत्त्वाबद्दल लोक दोन टोकांना बोलतात. कोणी म्हणतं, मंद शिजवलं की सगळं सत्त्व टिकतं. कोणी म्हणतं, तासन्‌तास शिजवल्यावर अन्नात राहतं काय! दोन्ही बरोबर नाहीत. क जीवनसत्त्व, फोलेट आणि ब-1 उष्णतेने आणि वेळेने कमी होतात, त्यामुळे या बाबतीत अर्ध्या तासात काम उरकणारा प्रेशर कुकर बहुधा पुढेच राहतो. पाण्यात उतरलेलं सत्त्व मात्र रस्सा प्यायला तर पोटातच जातं. वाया जातं ते पाणी फेकल्यावर. प्रथिनं, लोह, तंतू शिजवून कुठे जात नाहीत. टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं कॅरोटीन शिजवल्यावर, थोड्या तेलासोबत, शरीराला उलट जास्त मिळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहारसूत्रांत कडधान्यांसाठी उकडणं आणि प्रेशर कुकर या दोन्ही पद्धती उत्तम मानल्या आहेत. ब-1 चा खरा नाश करतो तो खाण्याचा सोडा. कडधान्य लवकर शिजावं म्हणून चिमूटभर सोडा टाकायची सवय सोडावी. हुलगे, मटकी न शिजण्याचं कारण बहुतेक वेळा जुनं धान्य, बोअरचं जड पाणी, नाहीतर चिंच-टोमॅटो आधी घालणं हे असतं. आंबट शेवटी घाला. रात्रभर भिजवा. एवढ्याने सोड्याची गरज संपते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट. मंद म्हणजे कोमट नव्हे. चांगल्या स्लो कुकरमध्ये ‘लो’वर ठेवलेलं अन्नही शेवटी उकळीच्या जवळ पोचतं, ‘लो’ आणि ‘हाय’मध्ये मुख्य फरक तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळाचा असतो. धोका असतो तो या वाटेवर. पाच ते साठ अंशांच्या दरम्यान जंतू वाढतात आणि चाळिशीच्या वर काहींची वाढ भयंकर वेगाने होते. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा मांसाच्या रश्श्यात आढळणारा जंतू अनुकूल तापमानाला दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. म्हणून फ्रीजरमधलं गोठलेलं मटण थेट भांड्यात टाकू नये. पाणी उकळतं घालावं, भांडं अर्धं ते दोन तृतीयांश भरावं आणि सारखं झाकण उघडून पाहू नये.

घेवड्याबद्दल वेगळं सांगायला हवं. राजमा आपल्याकडे उत्तरेचा मानतात, पण कोरेगावचा वाघ्या घेवडा त्याच जातीचा आहे आणि पश्चिम महाराष्ट्रात तो आवडीने खाल्ला जातो. या दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या आणि जुलाब सुरू करायला पुरतात. पूर्ण उकळीत दहा मिनिटांत ते नष्ट होतं, पण ऐंशी अंशांच्या आसपास तासन्‌तास ठेवलं तर कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं. दाणा मऊ झाला म्हणजे तो निर्धोक झाला, हा समज इथे सरळ सरळ घातक आहे. घेवडा किंवा राजमा आठ तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर खळखळून उकळा. अमेरिकेची अन्न व औषध यंत्रणा तर तीस मिनिटं उकळायला सांगते. त्यानंतरच तो मंद आचेवर ठेवा. प्रेशर कुकरमध्ये तापमान एकशे वीस अंशांपर्यंत जात असल्याने तिथे ही भीती उरत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे पाणी सुमारे अठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. उकळी खरोखरची असेल तर तेवढं पुरेसं आहे.

‘उरलेलं सकाळी उकळलं की झालं’ हेही असंच. रविवारी रश्श्याचं मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. एवढं मोठं पातेलं निवायला कित्येक तास घेतं आणि त्यातला बराच वेळ ते कोमट असतं. भाताची गोष्ट याहून वाईट. बॅसिलस सेरिअस हा जंतू कोमट भातात जे विष तयार करतो, ते पुन्हा उकळूनही जात नाही. जेवणं झाली की उरलेलं उथळ भांड्यांत वाटून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. याचा एक फायदा लगेच दिसतो: मटणाची चरबी सकाळी वर थिजलेली असते, ती चमच्याने काढता येते. कोल्हापुरी जेवण म्हणजे तेलाचा कट, मग ते पौष्टिक कसं असेल, या शंकेचं निम्मं उत्तर त्या चमच्यात आहे. उरलेलं निम्मं मिठात: दिवसाला माणशी पाच ग्रॅम ही मर्यादा आहे आणि कांदा-लसूण चटणीत मीठ आधीच असतं, हे विसरून आपण रश्श्यात पुन्हा घालतो.

वीज वाचते, असंही सांगतात. हिशेब साधा आहे. 200 वॅटचा स्लो कुकर आठ तास चालला तर 1.6 युनिट वीज लागते. 1,000 वॅटच्या इंडक्शनवर कुकर अर्धा तास ठेवला तर अर्धं युनिट. स्लो कुकर माणसाचा वेळ वाचवतो, वीज नाही. शिवाय पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. घरी कोणी नसताना दुपारी दोन-तीन तास वीज गेली असेल आणि केव्हा गेली ते कळत नसेल, तर ते अन्न फेकून द्यावं. जिवावर येतं, तरी फेकावं.

ज्यांना खरंच इंधन वाचवायचं आहे, त्यांनी एक जुनी युक्ती करून पाहावी. जाड बुडाच्या पातेल्यात मुगाची किंवा मसुराची डाळ, लाल भोपळा, आलं, हळद काठोकाठच्या जरा खाली भरून दहा मिनिटं खळखळून उकळायचं, घट्ट झाकायचं आणि झाकण न उघडता जुन्या घोंगडीत गुंडाळून खोक्यात ठेवायचं. युद्धकाळात युरोपात गवताच्या पेट्यांत असंच शिजवत. दोन-तीन तासांत डाळ मऊ होते. बाहेर काढल्यावर पुन्हा उकळी आणायची आणि मग फोडणी. घरात आजी-आजोबा असतील तर हे सहज जमतं. दिवसभर घर बंद असेल तर नको, कारण संध्याकाळपर्यंत ते कोमट होतं.

शिट्ट्यांचंही सांगून टाकतो. पाच शिट्ट्या झाल्या की जास्त शिजतं, असं नाही. आतला दाब एकदा पुरा झाला की तापमान वाढत नाही. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर गेली, एवढंच. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून मिनिटं मोजा. भिजवलेले हुलगे बारीक आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत होतात. सकाळी डबे भरताना ते लावले, निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवले, तर संध्याकाळी लसणाची फोडणी, चमचाभर चटणी, शेवटी आमसूल, बाजूला भाकरी आणि कच्चा कांदा. वीस मिनिटांत पान वाढता येतं.

म्हणून नवं भांडं घेण्याआधी घरातला कुकर आणि जाड पातेलं नीट वापरून पाहा. महिनाभर वापरून वाटलं की मटण आणि गावठी कोंबडीसाठी स्लो कुकर हवाच, तर जरूर घ्या. पण घेवडा आणि राजमा त्यात टाकण्याआधी गॅसवर खळखळून उकळा, आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.