वटवट्याची वहिवाट

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेस, मेहकरपासून पुढे लोणार गावाला लागून, काळ्या अग्निजन्य खडकात उल्कापाताने निर्माण झालेले जे प्रचंड विवर आहे, त्याच्या काठावरून खाली उतरणारा प्रवासी बहुधा पाण्याकडेच पाहत उतरतो. आणि ते स्वाभाविकही आहे, कारण सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या वर्तुळात साठलेले खारे, अल्कधर्मी सरोवर, त्याच्या काठावरची प्राचीन देवालये आणि हिवाळ्यात पाण्यावर उतरणारे चक्रवाक व थापट्या बदके यांचे आकर्षण कोणालाही अनावर व्हावे असेच आहे. परंतु उतारावरच्या चिंच, कडुनिंब, बाभूळ आणि सीताफळ यांच्या झाडीत जो थोडा वेळ स्वस्थ बसेल, त्याला पानांच्या आडून येणारा एक तीक्ष्ण, दोन अक्षरी स्वर पुनःपुन्हा ऐकू येईल. तो स्वर हिरवट पर्णवटवट्याचा. चिमणीहून लहान, वजनाने जेमतेम आठ ग्रॅम, वरून मळकट हिरवा, खालून पांढुरका, डोळ्यावर फिकट भुवई आणि पंखावर एकच अस्पष्ट पट्टा असलेला हा पक्षी इतका सामान्य दिसतो की त्याला वेगळे नाव देण्याची गरज आपल्या खेड्यांतून फारशी कोणाला भासली नाही.

मला मात्र या पक्ष्याने हिवाळ्यामागून हिवाळे त्या झाडीत बसवून ठेवले आहे. एका चिंचेखाली सकाळ काढली म्हणजे ध्यानात येते की हा पक्षी इकडेतिकडे भटकत नसून विशिष्ट झाडांचा एक टापू धरून असतो, त्या टापूतील पानांच्या खालच्या बाजू एकामागून एक तपासून अळ्या व सूक्ष्म कीटक टिपतो, आणि जातभाईने त्या हद्दीत पाऊल टाकताच तो द्व्यक्षरी स्वर काढून त्याच्या अंगावर धावून जातो. येथे तो घरटे करीत नाही, पिले वाढवीत नाही. तरीही भाद्रपद-आश्विनात येऊन चैत्र उजाडेपर्यंत तो येथील जमिनीवर असा हक्क सांगतो, की जणू ती त्याच्या नावे दप्तरी दाखल असावी. तो येतो कोठून, आणि येथेच का येतो, हा प्रश्न मग बघणाऱ्याला सोडीत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा जुना मार्ग म्हणजे पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे वाळे चढविणे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९५९ पासून डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले, आणि बदकांसारख्या मोठ्या पक्ष्यांच्या प्रवासाविषयी त्यातून अमोल माहिती हाती आली. परंतु आठ ग्रॅमच्या पक्ष्याच्या बाबतीत हा मार्ग फार कृपण ठरतो. कारण वाळे चढविलेला असा पक्षी दूरदेशी पुन्हा कोणाच्या हाती लागणे आणि त्याने तो क्रमांक कळविणे, हा योग शेकडा एकदेखील जुळून येत नाही. वाळे हा बाहेरून दिलेला दाखला आहे; तो हरवला की साक्ष संपली. जनुकविद्येने जे केले ते असे, की जो दाखला पक्षी जन्मतःच आपल्या प्रत्येक पेशीत घेऊन फिरतो, तो वाचण्याची लिपी तिने हस्तगत केली.

हे वाचन कसे चालते, ते मी लोणारबाहेर जवळून पाहिले आहे. वन्य पक्षी धरण्यास मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते, आणि गळून पडलेले पीस उचलणे हीदेखील कायद्याच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट नव्हे. म्हणून परवानगीचा कागद हे या कामातले पहिले साधन, आणि उजाडण्यापूर्वी झुडपांच्या पार्श्वभूमीवर उभारलेले, दिसेल न दिसेल अशा बारीक धाग्यांचे जाळे हे दुसरे. जाळ्यात अडकलेला पक्षी फार काळ लटकत राहू नये म्हणून अभ्यासक थोड्या थोड्या वेळाने फेरी घालतात, त्याला सैल पिशवीत ठेवतात, पंखाची लांबी मोजतात, वजन करतात, आणि मग पंखाच्या आतल्या अंगाची पिसे ओल्या कापसाने बाजूस सारून, त्वचेखालून जाणाऱ्या निळसर शिरेला बारीक सुईचे टोक लावतात. वर येणारा रक्तबिंदू मोहरीएवढाही नसतो. पण तेवढा पुरतो, कारण माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते तर पक्ष्याच्या तांबड्या रक्तपेशीत ते असते, आणि म्हणून त्या एका बिंदूत आनुवंशिक द्रव्याचा भरपूर साठा मिळतो. काचेच्या केशनलिकेने तो बिंदू उचलून मद्यार्काच्या कुपीत ठेवला, शिरेवर क्षणभर कापूस दाबून धरला आणि मूठ उघडली, की पक्षी समोरच्या फांदीवर जाऊन बसतो. रक्त घेणे शक्य नसेल तेव्हा पिसाचाही उपयोग होतो. मात्र तो पिसाच्या शोभिवंत भागाचा नसून देठाचा असतो, कारण देठाच्या वरच्या रंध्रापाशी वाढीच्या काळातल्या रक्तवाहिनीचा जो वाळलेला अंश राहतो, त्यातच वाचण्याजोगे द्रव्य टिकून असते.

प्रयोगशाळेत या कुपीवर प्रथम एका विकराचा प्रयोग होतो. छप्पन अंश उष्णतेत रात्रभर ठेवल्यावर तो प्रथिने विरघळवून टाकतो, आणि मग गार मद्यार्क ओतला असता तळाशी जो पांढुरका, तंतुमय साका जमतो, तेच डीएनए. त्यातला हवा तो नेमका भाग निवडून त्याच्या प्रती काढणारे यंत्र बाह्यतः एखाद्या पेटीसारखे सामान्य असते, परंतु ते मिश्रणाला आळीपाळीने तापवीत व निववीत असता प्रत्येक फेरीत प्रतींची संख्या दुप्पट होत जाते, आणि तीस फेऱ्यांअखेर एका प्रतीच्या तत्त्वतः शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. या पक्ष्यात नरमादी दिसण्यात सारखेच. पण १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीने लिंगगुणसूत्रावरील एका जनुकाच्या प्रती काढून त्या जेलच्या थरात विजेच्या प्रवाहाने सरकविल्या, की नराची एकच रेषा आणि मादीच्या दोन रेषा निळ्या प्रकाशात उजळून दिसतात. जो भेद दुर्बिणीतून कधीच दिसला नसता, तो तेथे कोणालाही दिसावा इतका स्पष्ट होतो. त्यानंतर तंतुकणिकांतील, केवळ मातेकडून अपत्याकडे येणाऱ्या डीएनएची चार अक्षरांच्या लिपीतली ओळ वाचली जाते, आणि प्रजननभूमीवर घेतलेल्या नमुन्यांशी तिचा ताळा घेतला जातो.

या ताळ्यातून हिरवट पर्णवटवट्याची जी कैफियत बाहेर आली, ती उत्क्रांतिशास्त्रातल्या सुंदर कथांपैकी एक आहे. क्लॉड टाइसहर्स्ट या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १९३८ सालीच असे अनुमान मांडले होते, की हा पक्षी तिबेटच्या पठाराला वळसा घालून वर्तुळाकार पसरला असावा. हिमालयात त्याचे रूप एकातून दुसऱ्यात हळूहळू मिसळत जाते, परंतु पठाराच्या पश्चिमेकडून आणि पूर्वेकडून उत्तरेस गेलेल्या दोन शाखा सैबेरियात पुन्हा समोरासमोर आल्या तेव्हा त्या परस्परांस परक्या झालेल्या होत्या. डॅरेन अर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ व २००५ साली जनुके आणि गाणी या दोहोंची साक्ष काढून हे अनुमान बव्हंशी खरे ठरविले. पंखावर एक पट्टा असलेली पश्चिम शाखा आणि दोन पट्टे असलेली पूर्व शाखा मध्य सैबेरियातल्या एकाच वनात नांदतात, पण एकीच्या गाण्याला दुसरी प्रतिसाद देत नाही. २०१४ साली जनुकसंचाचे अधिक सूक्ष्म वाचन झाले तेव्हा हे वर्तुळ पूर्वी वाटले तितके अखंड नसून त्यात जुन्या ताटातुटीच्या खुणा आहेत, आणि सैबेरियातील दोन टोकांमध्ये अल्पसा जनुकविनिमयही झालेला आहे, असे दिसून आले.

लोणारच्या चिंचेवरचा एकपट्टी पक्षी या कथेत नेमका कोठे बसतो? तो पश्चिम शाखेचा; कारण पूर्व शाखा आग्नेय आशियात हिवाळा काढते आणि पश्चिम शाखा भारतात. म्हणजे सैबेरियात शेजारी जन्मलेली दोन पिले शरद ऋतूत तिबेटला विरुद्ध बाजूंनी वळसे घालून निराळ्या देशांस जातात. येनिसेईच्या खोऱ्यापासून लोणारपर्यंतचे अंतर सरळ रेषेत मोजले तरी सुमारे चार हजार किलोमीटर भरते. अर्थात जनुके मुलूख सांगतात, गाव सांगत नाहीत. पश्चिम शाखेचा विस्तार बाल्टिकच्या किनाऱ्यापासून मध्य सैबेरियापर्यंत आहे आणि एका रक्तबिंदूवरून त्या विस्तारातले नेमके वन दाखविता येत नाही. तरीही ज्याचा काहीच पत्ता नव्हता त्याची शाखा कळली, कुळी कळली, हा लाभ लहान नव्हे.

यापुढची गोष्ट मला अधिकच विस्मयकारक वाटते. पहिल्या वर्षाचे पिलू हा प्रवास रात्री, आईबापांच्या सोबतीवाचून करते. मग त्याला दिशा कोण सांगते? जर्मनीत ब्लॅककॅप नावाच्या वटवट्यावर झालेल्या प्रयोगांत नैऋत्येस जाणारे आणि आग्नेयेस जाणारे पक्षी यांचा संकर केला असता त्यांच्या संततीने दोहोंमधली, दक्षिणेची दिशा धरली. हे १९९१ साली प्रसिद्ध झाले, आणि दिशा ही शिकवण नसून वारसा आहे, हे त्याने दाखविले. त्यानंतर २०२१ साली आर्क्टिक प्रदेशातील बहिरी ससाण्यांचे मार्ग उपग्रहाने टिपून व त्यांचे जनुकसंच वाचून चिनी व इतर शास्त्रज्ञांनी असे दाखविले, की दीर्घ पल्ल्याच्या प्रवासाशी एडीसीवाय-८ या, स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या जनुकाचा संबंध आहे.

वारशाने मिळालेली ही दिशा सहस्रावधी पिढ्यांच्या निवडीतून घडलेली आहे, आणि तिच्यात एका हंगामात फेरफार होऊ शकत नाही. लोणारला २००० साली अभयारण्याचा आणि २०२० साली रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, ही समाधानाची गोष्ट. पण वटवट्या पाणथळीचा पक्षी नव्हे, तो झाडाचा पक्षी आहे, आणि त्याचे टापू विवराच्या काठावर संपत नाहीत. मेहकर, चिखली, देऊळगावराजा या तालुक्यांतील बांधांवरचे जुने निंब आणि नाल्याकाठच्या बाभळी तोडल्या गेल्या, किंवा कपाशी-सोयाबीनवरच्या फवाऱ्यांनी पानांखालचे कीटक नाहीसे झाले, तरी सैबेरियात जन्मलेले पिलू येथेच येणार; कारण त्याच्या रक्तात हीच दिशा लिहिलेली आहे. वर्षाचा निम्म्याहून अधिक काळ जो पक्षी आपल्या जिल्ह्यात काढतो त्याची येथली वहिवाट जनुकांनी सिद्ध केली. ती चालू ठेवणे मात्र प्रयोगशाळेच्या हाती नसून बांधाचे मालक, वनखाते आणि शाळाशिक्षक यांच्या हाती आहे. गावोगावच्या शिक्षकांनी पहिला वटवट्या कोणत्या तारखेस आला आणि शेवटचा कधी गेला एवढी साधी नोंद दरवर्षी निष्ठेने ठेवली, तरी उद्या जो अभ्यासक परवानगीचा कागद व केशनलिका घेऊन या जिल्ह्यात येईल त्याला त्या नोंदींइतकी मोलाची मदत दुसरी कोणतीही होणार नाही. आणि तो येईल तेव्हा जाळे बांधायला झाडे शिल्लक असावीत, एवढे आपण आजच करू शकतो.