‘बरा झालास ना, मग आता काय?’

गाठ गेली, केमो संपली, केस परत आले. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि मुलाने आता सगळ्यांसारखं धावायला लागावं, अशी घाई सुरू होते. लहानपणी किंवा ऐन विशीत कॅन्सरमधून बाहेर पडलेल्यांना पुढे जे सोसावं लागतं, त्यात या घाईची भर पडते.

गैरसमज : उपचार संपले, आता दवाखाना कशाला?

कॅन्सर जातो, पण त्याला घालवणारी औषधं शरीरावर खुणा ठेवून जाऊ शकतात. डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध हृदयाचे स्नायू दुबळे करू शकतं, तेही कधी कधी कित्येक वर्षांनी. व्हिन्क्रिस्टिनमुळे हातापायांच्या नसांना इजा झाली, तर शर्टाची बटणं लावताना बोटं चाचपडतात, पायातली चप्पल निसटली तरी पटकन कळत नाही. सिसप्लॅटिनने ऐकू कमी येऊ शकतं. स्टिरॉइडमुळे खुब्याचं हाड झिजू शकतं. डोक्याला लाईट (म्हणजे रेडिएशन) दिली असेल, तर अभ्यासाचा वेग आणि स्मरणशक्ती मंदावू शकते.

अमेरिका-कॅनडात लहानपणी कॅन्सर झालेल्या १०,३९७ प्रौढांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ६२ टक्के जणांना किमान एक दीर्घकालीन आजार होता. त्यांच्या कॅन्सरचं निदान १९७० ते १९८६ या काळात झालं होतं, म्हणजे उपचारही जुन्या पद्धतीचे. पुढे अनेक उपचार सौम्य झाले. सगळ्यांना सगळं होत नाही. कोणाला काय होऊ शकतं, हे औषध, त्याची मात्रा आणि वय यांवर ठरतं.

गैरसमज : थकवा कसला, हा तर आळस!

कॉलेजातून आलेली मुलगी बूटही न काढता पलंगावर आडवी होते. तासभर झोपून उठते, ती तेवढीच दमलेली. आई म्हणते, ‘आमच्या वेळी एवढं कुठे झोपायला मिळायचं?’ कॅन्सरनंतरचा थकवा असाच असतो : झोपेने न जाणारा, काहींना वर्षानुवर्षं चिकटून राहणारा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप आणि मनःस्थिती, सगळंच तपासून घ्यावं. मात्र तिला कायम झोपवून ठेवणं हाही उपाय नव्हे. डॉक्टरांना विचारून रोज थोडं चालणं, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, यांनी हा थकवा कमी होतो. टोमण्यांनी होत नाही.

गैरसमज : मरणाच्या दारातून परत आला, त्याला कसलं दुःख?

मला हा समज सर्वांत क्रूर वाटतो. साधं डोकं दुखलं तरी ‘परत आला का?’ हा प्रश्न मनात येतो. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. शेजारच्या खाटेवरचा मित्र गेला आणि आपण राहिलो, याची टोचणी काहींना लागते. वर्गातली मुलं पुढे निघून गेलेली असतात. ‘देवाने वाचवलं, आता हसत राहा’ असं ऐकलं, की मूल बोलणंच बंद करतं. विचारल्याने दुःख वाढत नाही, म्हणून विचारा आणि ऐकून घ्या. उदासी हटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही फोन करता येतो.

गैरसमज : अशांनी लग्न करू नये

कॅन्सर सहवासाने लागत नाही आणि बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. काही मात्र असतात, उदाहरणार्थ रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कॅन्सरचा एक प्रकार. तिथे जनुकीय सल्ला घ्यावा. काही औषधांनी मूल होण्याची क्षमता घटते, पण सगळ्यांची नाही. ती तपासता येते. बऱ्या झालेल्यांच्या मुलांमध्ये जन्मजात व्यंगं जास्त आढळत नाहीत, असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे.

या सगळ्यात मदत मिळू शकते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं ‘ॲक्ट’ क्लिनिक चालतं. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने ‘उगम’ हा बालपणीच्या कॅन्सरमधून बरे झालेल्यांचा गटही काम करतो. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर कपाटातली जुनी फाईल बाहेर काढा. कोणती औषधं दिली, एकूण मात्रा किती, लाईट कुठे दिली, हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या तपासण्या विचारा. कोणाला ठरावीक काळाने हृदयाचा टूडी इको लागतो. छातीला लाईट घेतलेल्या मुलीची स्तनांची तपासणी साधारण पंचविशीतच सुरू करावी लागते. तो कागद मुलाच्या हाती द्या. मोठेपणी नव्या डॉक्टरांसमोर त्यालाच बसायचं आहे.