पूर्वसमुद्र आणि सापगावचे भात

शहापूरहून मुरबाडकडे निघालेला रस्ता भातसा नदी जेथे ओलांडतो, तेथे सापगाव वसले आहे. वायव्येस माहुलीचे सुळके, पूर्वेस सह्याद्रीची निळसर रांग आणि मधल्या सखल पट्ट्यात भाताची खाचरे असा हा मुलूख आहे. पश्चिमेचा समुद्र येथून सरळ रेषेत साठ किलोमीटरांच्या आतच असल्याने, या गावाचे पाऊसपाणी त्याच समुद्राच्या मर्जीवर चालत असणार असे कोणीही गृहीत धरील. आणि ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत ते गृहीतक खोटेही ठरत नाही. परंतु आश्विन लागला, हस्त नक्षत्र निघाले, की आकाशाची दिशाच पालटते. सकाळ निरभ्र उजाडते, दुपारी ऊन चटके देऊ लागते, चारच्या सुमारास घाटमाथ्यावर ढगांचे मनोरे चढू लागतात आणि सायंकाळी मेघगर्जनेसह जो पाऊस कोसळतो तो समुद्राकडून न येता घाटावरून खाली उतरतो. आषाढात पश्चिमेकडे लागलेले शेतकऱ्याचे डोळे आता पूर्वेकडे वळतात. त्या पूर्वेचे मूळ माळशेजच्या पलीकडे, दख्खनचे पठार ओलांडून, सुमारे हजार किलोमीटरांवरील बंगालच्या उपसागरात आहे.

नेमक्या याच दिवसांत खाचरांत भात कापणीला आलेले असते. हळवे भात हस्त-चित्रांत पिकते, निमगरवे त्यामागून, आणि गरवे स्वातीनंतर दिवाळी उलटून गेल्यावर. कापलेल्या भाताचे कडपे खाचरातच पसरून दोन-तीन उन्हे खाऊ द्यायचे, मग भारे बांधून खळ्यावर न्यायचे, ही येथली रीत. उभ्या पिकाला एखादी सर सोसते. कडप्यांना ती सोसत नाही. बुंध्याशी चार बोटे पाणी साचले, त्यात लोंब्या लोळल्या आणि वर आभाळ दाटलेलेच राहिले, तर दाण्याला कोंब फुटतो, भाताला कुबट वास सुटतो, आणि पेंढा काळा पडून गुरेदेखील त्याला तोंड लावीत नाहीत. चार महिन्यांच्या मेहनतीचा निकाल अशा रीतीने दोन-तीन दिवसांच्या उन्हावर लागतो, आणि ते ऊन मिळणार की नाही हे बरेचसे पूर्वसमुद्रात ठरत असते.

ते कसे, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. शरद्संपातानंतर सूर्य दक्षिणेकडे सरकतो, उत्तर भारताची भूमी थंडावू लागते, आणि पावसाळाभर गंगेच्या खोऱ्यावर ठाण मांडून बसलेला कमी दाबाचा पट्टा हळूहळू उपसागराच्या दक्षिण भागात उतरतो. मुंबईच्या परिसरातून नैर्ऋत्य मोसमी वारे माघारी फिरण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस सुरू होण्याची, २० ऑक्टोबर. हे ईशान्येचे वारे जमिनीवरून निघतात तेव्हा कोरडे असतात, पण उपसागरावरून जाताना बाष्पाने जड होऊन कोरोमंडल किनाऱ्यावर आदळतात. म्हणूनच चेन्नईला वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक एकट्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत पडतो.

या काळात त्या समुद्राचीही प्रकृती बदललेली असते. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांनी पावसाळाभर ओतलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे पृष्ठभागावर थर करून राहते. खालचे थंड पाणी त्यामुळे वर येऊ शकत नाही आणि वरचा थर ऑक्टोबर-नोव्हेंबरातही अठ्ठावीस अंशांच्या आसपास उबदार राहतो. किनाऱ्यालगतचा प्रवाह, जो वसंतात उत्तरेकडे वाहतो, तोच शरदात उलटून दक्षिणेकडे वाहू लागतो आणि हे गोडसर पाणी आंध्र, तमिळनाडूच्या कडेकडेने सिंहलद्वीपापर्यंत घेऊन जातो. चक्रीवादळाला साडेसव्वीस अंशांहून अधिक उष्ण पाणी लागते, ते येथे आयतेच मिळते. पश्चिमेचा समुद्र त्या सुमारास बहुधा निवांत असतो. नारळी पौर्णिमेला नारळ मिळालेला दर्या आश्विनात होड्यांना फारसा त्रास देत नाही, हे वसई-अर्नाळ्याच्या कोळ्यांना कोणी शिकवावयास नको.

पूर्व किनाऱ्याच्या या शरदाची धास्ती जुन्या दर्यावर्दी राष्ट्रांनी पुरेपूर घेतली होती. मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हते, जहाजे उघड्या समुद्रात नांगरावी लागत. त्यामुळे १५ ऑक्टोबरला फोर्ट सेंट जॉर्जवरील निशाण उतरवावयाचे आणि १५ डिसेंबरला पुन्हा चढवावयाचे, मधल्या काळात येथे थांबणे धोक्याचे हा त्याचा अर्थ, असा कंपनी सरकारचा परिपाठ होता. १७४६ साली मद्रास जिंकून बसलेल्या ला बूर्दोने या फ्रेंच सेनानीच्या आरमाराची ऑक्टोबरातील एका रात्रीच्या वादळाने दाणादाण उडवून बाराशेंच्या वर माणसे बुडविली. पुढे इंग्रजांनी समुद्रात भिंती घालून कृत्रिम बंदर बांधावयास घेतले, तेही १८८१ च्या नोव्हेंबरातील वादळाने उद्ध्वस्त केले.

आता माहुलीकडे एकदा नजर टाकणे भाग आहे, कारण त्या किनाऱ्याशी मराठी माणसाचा जो दीर्घ ऋणानुबंध जडला त्याचा एक धागा याच किल्ल्यातून निघतो. १६३६ मध्ये निजामशाहीचा बालवारस घेऊन शहाजीराजे माहुलीवर होते. मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यापुढे त्यांना तह करावा लागला, निजामशाही बुडाली, आणि राजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले. त्यांचे चिरंजीव व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि १८५५ पर्यंत कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भोसल्यांची गादी राहिली. शेकडो मैल दूर तमिळ मुलखात मोडी दप्तरे लिहिली गेली. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरला गेला. विद्याव्यासंगी सरफोजीराजांनी नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ समुद्रकाठी आठ मजली षट्कोनी मनोरा उभारला, तो मल्लिपट्टणमजवळ आजही आहे. परक्याच्या विजयाचे असे स्मारक पाहून मराठी मनाला थोडे ओशाळल्यासारखे होते, हे कबूल केले पाहिजे. २०१८ च्या नोव्हेंबरात ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर चढले तेव्हा याच टापूतील पट्टुकोट्टै, पेरावुरणीच्या नारळीच्या बागा भुईसपाट झाल्या.

तंजावरही भाताचेच, पण तेथील पंचांग उलटे. सापगावात विळे चालत असतात तेव्हा तेथे सांबा भाताची लावणी उरकत आलेली असते, आणि ते पीक पोंगलच्या सुमारास हाताशी येते. उपसागरातला जो कमी दाबाचा पट्टा तंजावरच्या कोवळ्या रोपांना पाणी देतो, तोच पश्चिमेकडे सरकला तर सापगावचे कडपे भिजवितो; एकाची प्रार्थना दुसऱ्याच्या नुकसानीस कारण व्हावी, असा हा प्रकार आहे.

असे पट्टे सह्याद्रीपर्यंत येतात का, अशी शंका घेणाऱ्यास उदाहरणे पुष्कळ देता येतील. १९७७ च्या १२ नोव्हेंबरला नागपट्टणमला धडकलेले वादळ द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रात उतरले आणि पुढे कर्नाटकाच्या किनाऱ्याकडे वळले. २००९ चे ‘फयान’ श्रीलंकेजवळच्या कमी दाबातून जन्मले, दक्षिण भारतावरून अरबी समुद्रात गेले, तेथे बळावले आणि ११ नोव्हेंबरला अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. २०२० च्या १३ ऑक्टोबरला काकिनाड्याजवळ जमिनीवर चढलेला पट्टा हैदराबाद बुडवून, सोलापूर-पुण्याची पिके लोळवून, कोकण ओलांडून अरबी समुद्रात गेला. प्रत्येक वेळी पूर्वेलाच दोष द्यावा असेही नाही. २०१९ च्या ऐन दिवाळीत ‘क्यार’ वादळ अरबी समुद्रातच उठले आणि त्याच्या पावसाने कोकणातली खाचरे तुडुंब भरली.

तथापि पूर्वेच्या वादळाला येथवर पोहोचावयास दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढ्यात हळवे भात कापावे की उभेच ठेवावे हा निर्णय घेता येतो. काकिनाडा किंवा नागपट्टणमची बातमी म्हणूनच सापगावच्या शेतकऱ्याला डहाणूच्या बातमीइतकीच जवळची मानावी, असे माझे मत आहे. सरकारदरबारी मात्र या कडप्यांवरच्या पावसाची गणती कशी होते, हा निराळाच प्रश्न आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत, कापून शेतात सुकत पसरलेल्या पिकाचे चक्रीवादळाने किंवा अवकाळी पावसाने चौदा दिवसांच्या आत नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद होती. शेतकऱ्याने बहात्तर तासांत वर्दी द्यावयाची. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने ही जोड-संरक्षणे काढून भरपाईचा हिशेब पीक कापणी प्रयोगावर ठेवला. त्या प्रयोगात ठरावीक तुकड्यातील उभे पीक कापून, झोडून, दाण्याचे वजन घेतात. कापणीनंतर कडप्यांत किती दाण्याला कोंब फुटले, ते त्या वजनात उतरत नाही.