पदवीचा रकाना आणि कृष्णाकाठचे राजकारण

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कराड दक्षिणमध्ये पिलानी आणि बर्कले येथे अभियांत्रिकी शिकलेले माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण पराभूत झाले. तथापि विजयी झालेले डॉ. अतुल भोसले यांच्या घराण्याकडेच कराडच्या कृष्णा अभिमत विद्यापीठाची सूत्रे असल्याने, सुशिक्षिताला अशिक्षिताने हरवले असा नेहमीचा सूर लावण्यास येथे वाव नव्हता. नमुना २६, म्हणजे उमेदवारी अर्जासोबत द्यावयाचे शपथपत्र, उमेदवाराचे सर्वोच्च शिक्षण, संस्थेचे नाव आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष विचारते, आणि नेत्यांच्या शिक्षणाची तुलना बहुधा तेवढ्यावरच उरकली जाते.

आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांनी या रकान्यात बी. ए., एल्‌एल. बी. असे लिहिले असते. परंतु १९३२ च्या कारावासात येरवड्याला आचार्य भागवतांच्या सहवासात झालेल्या वाचनाची नोंद त्यात कोठेच बसली नसती. पद्माळ्याच्या वसंतदादा पाटलांचा रकाना तर जवळजवळ कोराच राहिला असता. मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेल्या, २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेल्या आणि पुढे सांगलीत सहकारी साखर कारखाना उभारणाऱ्या या नेत्याने मुख्यमंत्री म्हणून १९८३ मध्ये विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय शुल्कावर चालणाऱ्या, खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. सांगलीचे वालचंद महाविद्यालय (१९४७) आणि कराडचे शासकीय महाविद्यालय (१९६०) यांच्या मोजक्या जागांमध्ये प्रवेश न मिळालेल्या मुलांसाठी त्यामुळे नवी दारे उघडली, आणि महाराष्ट्राच्या तांत्रिक शिक्षणावर इतका दूरगामी परिणाम करणारा निर्णय एखाद्या पदवीधर मुख्यमंत्र्याच्या नावावर सहजासहजी सापडणार नाही.

अर्थात या निर्णयाची दुसरी बाजूही तितकीच ठळक आहे. प्रवेशासाठी शुल्काखेरीज देणगी घेण्याची प्रथा इतकी बोकाळली की तिला आळा घालणारा कायदा १९८७ मध्ये करावा लागला. शिवाय साखर कारखाना आणि बँक यांच्या जोडीला शिक्षणसंस्था हाही राजकीय सत्तेचा आधार बनला. तासगावजवळच्या अंजनीचे आर. आर. पाटील ‘कमवा आणि शिका’ योजनेतून पदवीधर झाले आणि स्वतःची शिक्षणसंस्था नसतानाही उपमुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले, हे म्हणूनच विशेष ठरते. उमेदवार कोठे शिकला यापेक्षा प्रवेश आणि नोकऱ्या कोणाच्या हाती आहेत, हे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अधिक निर्णायक ठरते, आणि शिक्षणाचा रकाना त्याविषयी काहीच सांगत नाही.

तरीही किमान शिक्षणाची अट असावी, ही मागणी अधूनमधून डोके वर काढते. ती अंशतः मान्यही झाली आहे, मात्र खालच्या पायरीवर: १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला सरपंच होण्यासाठी सातवी उत्तीर्ण असणे विधिमंडळाने बंधनकारक केले, आणि त्या विधिमंडळाचा सदस्य होण्यासाठी मात्र आजही कोणतीच शैक्षणिक अट नाही.