आधी गुरुजींच्या हाती

काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक पट्टी. तिच्यावर दोन बटणे, पंचवीस चिमुकले दिवे आणि तापमान, हालचाल, दिशा ओळखणारे संवेदक. दोन छोट्या सेलवर ती चालते. नाव मायक्रोबिट. संगणकाच्या पडद्यावर रंगीत ठोकळे जोडून आज्ञावली रचायची आणि तारेने ती पट्टीत उतरवायची, की डोक्यातला विचार हातात दिव्याच्या रूपाने उजळतो. बीबीसीच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये २०१६ साली अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांसाठी अशा पट्ट्या मोफत देण्यात आल्या.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचे ठरवले. महाराष्ट्रात सहावी-सातवीचे वर्ग पुष्कळ गावी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतच भरतात. म्हणजे हा विषय शेवटी येणार तो गावच्या गुरुजींच्या आणि बाईंच्या पदरात. भाषा, गणित, पोषण आहाराचा हिशेब, मतदार यादीचे काम, आणि आता हे!

माझ्या डोळ्यांपुढे हिंगणघाट तालुक्यातले वडनेर आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, कपाशीच्या मुलखातले गाव. अशा ठिकाणी ही पट्टी काय कामाची? दोन खिळे मातीत रोवा, तारांनी पट्टीला जोडा. ओल्या मातीतून वीज अधिक वाहते, कोरडीतून कमी. तसा आकडा बदलतो. 'आकडा अमुक एका मर्यादेच्या खाली गेला तर दिवा लाव' एवढीच आज्ञा. पण ती मर्यादा कोणती, हे पुस्तकात नसते. कुंडीला पाणी घालून, दोन दिवस वाट पाहून मुलांनीच ती ठरवायची. आपली काळी माती वाळली की तडकते. खिळा भेगेत मोकळा राहिला, तर खाली ओल असूनही आकडा कोरडेपणाच सांगेल. यंत्राचे सगळेच खरे मानायचे नसते, हा धडा मुलाला तिथे मिळतो.

मात्र तो मिळायला गुरुजी त्या वाटेने आधी गेलेले हवेत. ही पट्टी तापमान दाखवते ते खरे तर तिच्या पोटातल्या चिपचे. म्हणून भिंतीवरच्या तापमापकाशी तिचा आकडा नेमका जुळत नाही. चौकस मुलगी विचारणारच, 'बाई, यातले खरे कोणते?' दोन दिवसांच्या शिबिरात नुसती चित्रे पाहून आलेल्या बाई तिला गप्प बसवतील. ज्यांच्या हातात पट्टी महिनाभर राहिली आहे, त्या म्हणतील, 'चल, दोघी मिळून शोधू.' सारा फरक एवढाच आहे, आणि तो यंत्राच्या किमतीत मोजता येत नाही.

वर्धा जिल्ह्याला हे नवे नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नयी तालीम उभी राहिली. त्या काळचे छोटे यंत्र म्हणजे टकळी. सूत काढता काढता मोजणी, गणित, कापसाचा भूगोल, सारे शिकायचे. डॉ. झाकिर हुसेन समितीने शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम सुचवला होता, आणि निकडीपुरता छोटा म्हणून एक वर्षाचा. टकळीसाठी एक वर्ष कमीत कमी मानणारी ती माणसे! जिथे शिक्षक घडला नाही, तिथे टकळीचे नुसते सूतच उरते. उद्या या पट्टीचे नुसते दिवेच उरतील.

शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांतून होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी करायचे प्रयोग आधी शिक्षक स्वतः करीत आणि नंतर दरमहा भेटून अडचणी मांडीत. २००२ साली सरकारने तो बंद केला, पण तीस वर्षे तो टिकला. आपल्याकडेही केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा होतात. त्यांतला एक तास याला द्यावा. परिपत्रके न वाचता, कोणाचा प्रयोग का फसला तेवढेच तिथे बोलावे.

दुसरी गोष्ट मी जुन्या बँक अधिकाऱ्याच्या नजरेने सांगतो. शाळेत आलेली वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते. ती मोडली तर जबाबदारी आपल्यावर येईल, या धास्तीने ती कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. बँकेत कर्ज देतानाच काही बुडणार हे धरून तरतूद केली जाते; बुडण्याच्या भीतीने कर्ज देणेच बंद केले तर बँक चालणार नाही. तसे दहा पट्ट्यांमागे दोन मोडतील हे आधीच धरून चालावे आणि त्यांच्या निर्लेखनाचा अधिकार शाळेलाच द्यावा. वापरून मोडलेली वस्तू हे शिक्षणाचे नुकसान नव्हे. न वापरता कोरी राहिलेली वस्तू मात्र आहे.

शहरातल्या मुलाला पैसे भरून हे शिकवणारे वर्ग मिळतात. वडनेरच्या मुलीला तिच्या शाळेतल्या बाईंखेरीज कोणी नाही. म्हणून योजना आखणाऱ्यांनी पट्ट्या किती वाटल्या याचे आकडे जरूर द्यावेत, पण त्याआधी एक आकडा द्यावा: किती गुरुजींना आणि बाईंना निवांत चुकायला किती दिवस मिळाले?