केमोपोर्ट : त्वचेखालचे छोटे दार आणि घरच्यांची दक्षता

रक्ताच्या कर्करोगाचे उपचार महिनोन् महिने चालतात. केमोथेरपी, रक्त, प्लेटलेट्स, प्रतिजैविके आणि वारंवारच्या तपासण्या यांमुळे हाताच्या शिरा थकतात. वृद्धांच्या नाजूक शिरा तर लवकरच हाती लागेनाशा होतात. अशा वेळी डॉक्टर ‘केमोपोर्ट’ सुचवतात. गळपट्टीच्या हाडाखाली, त्वचेच्या आत एक छोटी डबी बसवतात व तिची नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडतात. १९८० च्या दशकापासून हे साधन जगभर रूढ झाले. बाहेर काहीही लोंबत नसल्याने रुग्णाला अंघोळ करता येते, नित्याची हलकी कामेही करता येतात. मात्र हे दार थेट रक्तप्रवाहात उघडते, हे घरच्यांनी कधीही विसरू नये.

संसर्ग : सर्वांत मोठा धोका

रक्ताच्या कर्करोगात रोगामुळे आणि औषधांमुळेही पांढऱ्या पेशी घटतात. त्यांतील न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली गेल्या, की साधा जंतूही प्राणघातक ठरू शकतो. पू तयार करणाऱ्या पेशीच कमी असल्याने पोर्टची जागा वरून निर्मळ दिसते आणि आत संसर्ग पसरत असतो. पोर्टमधून औषध दिल्यावर किंवा तो धुतल्यावर थोड्याच वेळात हुडहुडी भरली, तर ती गंभीर खूण समजावी. वृद्धांमध्ये कधी ताप न येता केवळ ग्लानी, असंबद्ध बोलणे किंवा लघवी कमी होणे एवढेच दिसते.

म्हणून घरात थर्मामीटर ठेवा. तापमान १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक भरले, तर सकाळची वाट पाहू नका. परस्पर पॅरासिटामॉल देऊ नका. ताप उतरलेला दिसतो, पण संसर्ग आत वाढतच राहतो. अशा रुग्णाला रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविक मिळावे, असा वैद्यकाचा दंडक आहे.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन मोठी अध्यापन रुग्णालये आहेत. परंतु आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरच्या खेड्यातून रात्री निघायचे, तर वाटेतच बराच वेळ जातो. त्यामुळे कोणते रुग्णालय, कोणते वाहन, सोबत कोण, हे आधीच ठरवून ठेवा. १०८ क्रमांक घरातील प्रत्येकास पाठ असावा.

गुठळी, अडथळा आणि गळती

पोर्टच्या बाजूचा हात, मान किंवा चेहरा सुजला, छातीवर शिरा उठून दिसू लागल्या, तर नळीभोवती गुठळी झाल्याची शंका घ्यावी. सुजेवर तेल चोळू नका, शेकूही नका. अचानक धाप लागली, तर तो तातडीचा प्रसंग होय.

औषध आत जाते पण रक्त बाहेर येत नाही, ही अडथळ्याची पहिली खूण. औषध देताना जळजळ किंवा सूज जाणवली, तर परिचारिकेस तत्काळ थांबवण्यास सांगा. व्हिन्क्रिस्टीन, डॉक्सोरुबिसिन यांसारखी औषधे शिरेबाहेर झिरपल्यास आसपासचे मांस जळते. क्वचित नळी हाड व पहिल्या बरगडीच्या मध्ये चेपून तुटते; छातीचा एक्स-रे ते दाखवतो.

घरच्यांनी पाळावयाची पथ्ये

* पोर्टमध्ये केवळ ‘ह्यूबर’ नावाची खास सुई वापरावी. साध्या सुईने त्याचा पडदा फाटतो. म्हणून प्रशिक्षित हातांखेरीज कोणासही तो वापरू देऊ नका.
* उपचारांत खंड असला तरी डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीत पोर्ट धुऊन घ्या. पेरणी किंवा कापूस वेचणीच्या धांदलीत ही तारीख चुकू देऊ नका.
* सुई लावलेली असताना पट्टी कोरडी ठेवा. विदर्भाच्या उन्हाळ्यात घामाने ती सुटली, तर लगेच बदलून घ्या.
* पोर्टसोबत मिळालेले कार्ड रुग्णाच्या खिशात असू द्या.
* जागेवर लाली, वेदना, स्राव किंवा त्वचा विरळ झालेली दिसल्यास त्याच दिवशी दाखवा.

संसर्ग आटोक्यात न आल्यास पोर्ट काढावा लागतो. तो उपचारांचा पराभव नव्हे. रुग्णाचे प्राण राखण्यासाठी उचललेले पाऊल आहे. पुढील औषधे दुसऱ्या मार्गाने देता येतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारा : पोर्ट कधी धुवायचा, रात्री ताप आल्यास फोन कोणाला करायचा आणि उपचार संपल्यावर तो कधी काढायचा. उत्तरे कागदावर लिहून थर्मामीटरजवळ ठेवा.