महाधमनीची नवी झडप आणि आपला रुग्ण

चढ चढताना धाप, छातीत आवळल्यासारखी वेदना आणि श्रमाने येणारी मूर्च्छा यांपैकी एकही लक्षण दिसले, तरी महाधमनीच्या झडपेचा संकोच मनात आणावा. महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील रुग्ण त्यास वार्धक्य समजून घरी बसतो. क्षार साठून ताठरलेली झडप कोणत्याही औषधाने, मग ते आपले असो वा आधुनिक, मोकळी होत नाही. तीव्र संकोचात लक्षणे सुरू झाल्यावर शस्त्रकर्माविना बहुतेकांच्या हाती दोन-तीन वर्षेच उरतात. तो काळ अर्जुनक्षीरपाकावर घालविणे योग्य नव्हे.

झडप बदलण्याचे ठरले की प्रश्न येतो, कोणती? यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते. परंतु तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉर्फरिन आजन्म घ्यावे लागते. गाय वा डुकराच्या ऊतींची जैविक झडप साधारणतः १० ते १५ वर्षे चालते, तरुणांत लवकर झिजते. मात्र वॉर्फरिन बहुधा प्रारंभीचे काही महिनेच लागते. १९६७ ची रॉस पद्धती, म्हणजे रुग्णाचीच फुप्फुसधमनीची झडप महाधमनीत बसविणे, मोजक्या शल्यविदांनाच साधते. मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप बसविण्याची २००२ पासूनची पद्धती वृद्धांस वरदान असली तरी महाग आहे.

यांत्रिक झडपांत आपल्या देशाची चित्रा झडप आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली ती सिद्ध झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णात बसविली गेली. याच शल्यविदाने पुढे चरक, सुश्रुत व वाग्भट यांवर ग्रंथ लिहिले, हे वाचकांस ज्ञात असेलच.

सर्वसाधारण संकेत असा की, पन्नाशीच्या आत यांत्रिक आणि पासष्टीनंतर जैविक. माझ्या मते आपल्या भागात वयाइतकेच अंतरही विचारात घ्यावे. वॉर्फरिनवरील रुग्णास आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. ती बहुधा २ ते ३ मध्ये राखतात. ज्याच्या वाडीतून पावसाळ्यात खाली उतरणेच कठीण, त्याने हे शस्त्रकर्मापूर्वी शल्यविदास सांगावे. अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीनेही सांगावे, कारण वॉर्फरिन गर्भास घातक ठरू शकते.

पुढचे काम आपले. आषाढ-श्रावणात टाकळा, अळू, शेवग्याचा पाला ताटात वाढला की त्यांतील 'के' जीवनसत्त्वाने वॉर्फरिनचा प्रभाव घटतो. भाजी वर्ज्य नाही, प्रमाण सारखे हवे. उलट लसूण, हळद व गुग्गुळ यांचे कल्प औषधी मात्रेत रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतात. जलौकावचारण व सिरावेध अशा रुग्णात करू नयेत. जळवेच्या लाळेतच रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. स्नायूत सुई टोचणेही टाळावे.

औषधविक्रेत्या बंधूंनी वेदनाशामक गोळ्या वा मेट्रोनिडाझोल परस्पर देऊ नये. वॉर्फरिन संपले म्हणून त्याच मिलिग्रॅमचे अॅसेनोकौमारॉलही देऊ नये. दोहोंच्या मात्रा समान नाहीत. जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. म्हणून अशा रुग्णाने महिनाभराच्या गोळ्या आणि मात्रेची चिठ्ठी ज्येष्ठातच घट्ट झाकणाच्या डब्यात घालून उंचावर ठेवावी.